घरच्या कॉफी मशीनची साफसफाई : तेलाचा मळ वेगळा, पाण्याचा थर वेगळा

नवं कॉफी मशीन घरात आलं की सुरुवातीचे काही महिने त्याच्याकडे बघावंही लागत नाही. पाणी ओतायचं, पावडर टाकायची, बटण दाबायचं. मग हळूहळू कॉफीला जुनाट, कडवट वास यायला लागतो. किंवा आंघोळ उरकेपर्यंत भरणारं भांडं आता अर्धंच भरलेलं असतं आणि मशीन नुसतं गुरगुरत वाफा सोडत बसतं. अशा वेळी बहुतेक जण पावडर बदलून बघतात. पावडरीचा दोष क्वचितच असतो.

मशीनमध्ये दोन प्रकारचा मळ साचतो. एक कॉफीतून येतो. भाजलेल्या अरेबिका बीमध्ये वजनाच्या साधारण १५ टक्के तेल असतं, रोबस्टात थोडं कमी. ते गाळणीला, भांड्याला, झाकणाच्या खाचांना चिकटतं आणि खवट होतं. दुसरा मळ पाण्यातून येतो : क्षारांचा पांढरा, दगडासारखा थर, जिथे पाणी तापतं तिथे बसणारा. तेल निघतं साबणाने किंवा सोड्याने. क्षार निघतात आम्लाने. तेलावर व्हिनेगर ओतून उपयोग नाही आणि क्षारांवर साबण चोळून उपयोग नाही. इंटरनेटवरचे निम्मे ‘रामबाण’ उपाय इथेच चुकतात, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत आपण कोणता मळ काढतोय हे मी आधी सांगणार आहे.

हा लेख मुख्यतः ड्रिप मशीनबद्दल आहे, कारण घराघरांत तेच जास्त दिसतं आणि दुर्लक्षही त्याचंच जास्त होतं. मोका पॉट, साउथ इंडियन फिल्टर, फ्रेंच प्रेस आणि छोटं एस्प्रेसो मशीन यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

१. आधी मशीनचं पोट समजून घ्या

साध्या ड्रिप मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतलं पाणी तळाशी असलेल्या एका छोट्या एकमार्गी झडपेतून खाली उतरतं आणि घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत जातं. या नळीला हीटर जोडलेला असतो. पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे गरम पाण्याला वरच्या नळीतून ढकलतात आणि ते पावडरीवर पडतं. झडप एकाच दिशेने उघडत असल्यामुळे पाणी मागे टाकीत जाऊ शकत नाही. काचेचं भांडं ज्या गरम प्लेटवर ठेवता, ती प्लेटही त्याच हीटरवर तापते.

आता क्षार कुठे बसत असतील ते लगेच कळेल : त्या नालासारख्या नळीत. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. गिझरच्या कॉइलवर जो थर दिसतो तोच हा. थर उष्णता अडवतो, त्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो. नळीही आतून अरुंद होते. हीटर मात्र जास्त तापतो, थर्मोस्टॅट त्याला मध्येच बंद करतो आणि एक दिवस आतला थर्मल फ्यूज जातो. मशीन ‘अचानक बंद पडलं’ असं आपण म्हणतो, पण ते कित्येक महिने सांगत असतं. आवाज वाढतो, वाफ वाढते, वेळ वाढतो, कपात पाणी कमी येतं.

म्हणून नवं मशीन आणल्यावर (किंवा नीट साफ केल्यावर) पूर्ण टाकी रिकामी व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा आणि मशीनच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर तारखेसह लिहून ठेवा. पुढे शंका आली की याच आकड्याशी ताडून बघता येतं.

२. सामान जमवा

विशेष काही लागत नाही. बहुतेक गोष्टी घरात किंवा किराणा दुकानात मिळतात.

- सायट्रिक ॲसिड म्हणजेच लिंबूसत्त्व, खाण्याच्या दर्जाचं. सरबताचं आणि ढोकळ्याचं सामान जिथे मिळतं तिथे मिळतं.
- भांड्यांचं लिक्विड. बार नको, त्याचा चुरा जाळीत अडकतो.
- खाण्याचा सोडा
- मऊ स्पंज, जुना टूथब्रश आणि बाटलीचा ब्रश
- मशीनसाठी वेगळं ठेवलेलं सुती फडकं
- एखादी टाचणी
- साधा वजनकाटा असला तर उत्तम
- मशीनचं माहितीपुस्तक. हरवलं असेल तर तळाच्या लेबलवरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- बिल आणि वॉरंटी कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो. बिलाची शाई उडते, म्हणून फोटो आजच काढा.

काळा, चिवट तेलकट थर काढायला सोडियम परकार्बोनेट असलेली कॉफी मशीन क्लीनर पावडर मिळते. ती स्टील, काच आणि प्लास्टिकला चालते, ॲल्युमिनियमला नाही. वर्षभर नियमित धुणाऱ्याला तिची गरज फारशी पडत नाही.

३. तुमचं पाणी ओळखा

किती दिवसांनी क्षार काढायचे हे पाणी ठरवतं. माहितीपुस्तकात ‘दर तीन महिन्यांनी’ असं छापलेलं असतं, ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही.

मुंबईच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं पाणी येतं, पुणे शहराला खडकवासल्याच्या साखळीतून. पावसाचं हे साठवलेलं पाणी तुलनेने हलकं असतं. शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांमध्ये मात्र बोअर आणि टँकर यांच्यावर भिस्त असते आणि बोअरचं पाणी जड. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टच्या काळ्या खडकावर उभा आहे. त्या खडकाच्या फटींतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलत येतं. मराठवाड्यात किंवा पुणे-नगर पट्ट्यात उन्हाळ्यात बोअरचं पाणी आणखी जड होतं, म्हणजे एकाच घरात जानेवारीचं आणि मेचं वेळापत्रक वेगळं असू शकतं.

ओळखायचं कसं? साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि नळाच्या तोंडाला पांढरे कडे धरतात, स्टीलचं पातेलं वाळल्यावर डाग दिसतात. एवढं दिसलं तर पाणी जड आहे असं समजा. अचूक आकडा हवा असेल तर हार्डनेस तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. माणसाला प्यायला ६०० चालत असेल, मशीनला तेच पाणी फार लवकर जड जातं.

टीडीएस मीटरबद्दल एक सावधगिरी. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं, आणि मीठ नळीत थर धरत नाही. टीडीएस जास्त दिसला तर संशय घ्यायला हरकत नाही, पण निकाल हार्डनेसच्या पट्टीवरच लावा.

मग आरओचं पाणी घालावं का? थर धरण्याच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे. पण अगदी कमी टीडीएसच्या पाण्यात कॉफी सपक लागते, आणि बॉयलरमधली पाण्याची पातळी विजेच्या वहनावरून ओळखणाऱ्या काही मशीनना असं पाणी ‘दिसत’ नाही. कॉफीसाठी साधारण १५० टीडीएसच्या आसपासचं पाणी चांगलं मानलं जातं. आरओचं पाणी आणि गाळलेलं नळाचं पाणी मिसळून तिथवर येता येतं. निव्वळ बोअरचं पाणी आणि आरओ यांतलं एकच निवडायचं असेल, तर मी आरओ निवडेन.

क्षार काढण्याचा माझा हिशेब असा : रोज एक-दोन वेळा कॉफी होत असेल तर धरणाच्या पाण्याला तीन महिने, बोअर मिसळलेल्या पाण्याला एक महिना, आरओला सहा महिने. तळाला लिहिलेल्या वेळेपेक्षा मशीन स्पष्टपणे जास्त वेळ घ्यायला लागलं तर तारखेची वाट बघू नका.

४. रोजची दोन मिनिटं

मळ : तेल आणि ओलावा.

कॉफी झाली की चोथा लगेच काढा. ओला चोथा बंद झाकणाखाली राहिला की पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो. चोथा मोरीत ओतू नका, पाइपात बसतो. कंपोस्टच्या टोपलीत चांगला चालतो. थेट कुंडीत घालायचा तर थोडाच, मातीत मिसळून. जाड थर वाळून त्याची खपली होते आणि पाणी मुरत नाही.

गाळणीची टोपली, झाकण आणि काचेचं भांडं भांड्यांच्या लिक्विडने मऊ स्पंज लावून धुवा. टाकीत उरलेलं पाणी ओतून द्या. झाकण उघडं ठेवून मशीन वाळू द्या. सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते ती ही शेवटची गोष्ट, आणि टाकीतला कुबट वास तिच्यामुळेच येतो.

घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर मशीनचे भाग त्या भांड्यांत टाकू नका. तारेची घासणी आणि पावडर कढईसाठी असते. काचेवर तिने बारीक ओरखडे पडतात, आणि गरम-गार होताना काच तिथूनच तडकते. प्लास्टिकच्या टोपलीवरच्या ओरखड्यांत तेल जाऊन बसतं. हे भाग वेगळे धुवायचे आहेत हे त्यांना एकदा नीट दाखवून सांगा, किंवा स्वतःच धुवा.

गरम प्लेटवर सांडलेली कॉफी प्लेट गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. जळून काळी झाली असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट दहा मिनिटं लावून ठेवा. तार लावू नका, प्लेटवरचं आवरण निघतं. मशीन पाण्याखाली कधीही धरायचं नाही.

५. आठवड्यातून एकदा : तेल काढा

मळ : तेल. औषध : साबण, सोडा.

काचेच्या भांड्यात गरम पाणी, थोडं लिक्विड आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, मग बाटलीच्या ब्रशने फिरवा. तोंड अरुंद असेल आणि हात जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि कोमट साबणपाणी घालून गोल गोल हलवा, तळाचा तपकिरी थर सुटतो. स्टीलच्या थर्मास भांड्यालाही हेच चालतं. डाग फारच जुना असेल तर परकार्बोनेटची पावडर गरम पाण्यात घालून अर्धा तास. झाकण लावू नका, आत वायू तयार होतो.

जाळीची कायमची गाळणी वापरत असाल तर हा भाग जास्त गांभीर्याने घ्या. कागदी फिल्टर बरंचसं तेल स्वतःत अडवतो आणि त्याच्यासकट फेकला जातो. जाळीतून ते भांड्यात उतरतं आणि जाळीच्या विणीतही बसतं. जाळी उजेडासमोर धरून बघा. भोकं झाकोळलेली दिसली तर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून टूथब्रशने बाहेरून आत घासा.

टोपलीच्या तळाशी एक स्प्रिंगची झडप असते, भांडं काढलं की थेंब थांबवणारी. तिच्या आजूबाजूला चोथ्याचा चिखल जमतो. बोटाने दाबून, ब्रशने साफ करा. कॉफी टोपलीतून ओसंडून ओट्यावर आली तर सगळ्यांत आधी हीच झडप तपासा.

ओसंडण्याचं दुसरं कारण पावडर. दक्षिणी फिल्टर कॉफीच्या पाकिटात चिकोरी असते, आणि मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. ही पावडर बारीक असते, चिकोरी पाण्यात पटकन विरघळून चिकट होते आणि ड्रिप मशीनचा कागद तुंबतो. त्या कॉफीसाठी स्टीलचा फिल्टरच योग्य. मशीनमध्ये मध्यम दळलेली, बिनचिकोरीची पावडर घाला.

६. क्षार काढा

मळ : क्षार. औषध : आम्ल.

सुट्टीची सकाळ ठेवा. वेळ दोन तास लागतो, पण त्यातला बराचसा नुसता वाट बघण्याचा.

१) टाकीत कोळशाचा फिल्टर असेल तर काढून ठेवा. तो साधारण दोन महिन्यांनी बदलायचाच असतो.

२) एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवा. वजनकाटा नसेल तर सपाट चार चहाचे चमचे. एकही कण तळाशी राहता कामा नये. हे मिश्रण बाहेर भांड्यातच तयार करा, टाकीत कोरडी पावडर टाकू नका.

३) टोपलीत रिकामा कागदी फिल्टर ठेवा. मिश्रण टाकीत ओता आणि मशीन सुरू करा.

४) साधारण अर्धं पाणी खाली आलं की मशीन बंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. खरं काम या अर्ध्या तासात होतं. नळीतलं आम्ल थरावर बसून त्याला विरघळवतं आणि त्यातून बारीक बुडबुडे निघतात.

५) पुन्हा सुरू करून उरलेलं पाणी जाऊ द्या. आता कागद बघा. त्यावर जमलेल्या पांढऱ्या कपच्या म्हणजे तुमच्या पाण्याची थेट तपासणी. भरपूर असतील तर पुढच्या वेळी महिनाभर आधी करा.

६) कपच्या निघाल्या असतील तर ते पाणी पुन्हा टाकीत ओतू नका, त्या झडपेत अडकतात. नवं मिश्रण करून दुसरी फेरी घ्या.

७) मग साध्या पाण्याच्या तीन पूर्ण टाक्या, मध्ये दहा-दहा मिनिटं मशीन गार होऊ देत. शेवटचं पाणी गार करून चाखा. किंचितही आंबट लागलं तर चौथी.

८) घड्याळ लावून वेळ मोजा आणि तळाच्या पट्टीवर नवी तारीख लिहा.

जास्त घातलं की लवकर निघेल असं वाटून प्रमाण वाढवू नका. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून कॅल्शियम सायट्रेट बनतं आणि ते गरम पाण्यात कमी विरघळतं. दाट आणि उकळत्या मिश्रणात त्याचाच पांढरा गाळ नळीत बसू शकतो. दोन सौम्य फेऱ्या एका जहाल फेरीपेक्षा केव्हाही चांगल्या.

पांढरं व्हिनेगर चालतं का? अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर घेतलं तर क्षार निघतात. काही कंपन्या तेच सुचवतात, काही स्पष्ट मनाई करतात. माहितीपुस्तकात जे लिहिलं असेल ते पाळा, कारण वॉरंटी त्यावर अवलंबून असते. दोन्ही चालत असेल तर मी सायट्रिक ॲसिडच सांगेन. व्हिनेगरचा वास चार-पाच टाक्यांनंतरही रबरी नळीत राहतो.

७. हे सापळे टाळा

सोडा आणि व्हिनेगर एकत्र : व्हिडिओत फेस जोरदार दिसतो आणि लोकांना वाटतं मळ निघतोय. तो फेस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवत आहेत. मागे राहतं ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मळासाठी.

टाकीत सोडा : न विरघळलेले कण झडपेत जातात. सोडा फक्त सुट्या होणाऱ्या भागांना.

टाकीत लिंबाचा रस : आम्ल तेच, पण सोबत गर आणि साखरही जाते. नळीत ती जळते.

टाकीत दूध, साखर, जायफळ, वेलची : आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधातली, जायफळ लावलेली. म्हणून पाण्याऐवजी दूध ओतून बघण्याचा मोह होतो. ड्रिप मशीनची टाकी फक्त पाण्यासाठी आहे. नळीत करपलेलं दूध घरी काढता येत नाही. जायफळ कपात किसा.

फरशीचं ॲसिड, टॉयलेट क्लीनर, ब्लीच : अजिबात नको. फरशीच्या ॲसिडने ॲल्युमिनियमची नळी खाल्ली जाते. ब्लीच आणि कोणतंही आम्ल एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

धुण्याचा सोडा : ॲल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांची पाकिटं एकसारखी दिसतात, लेबल वाचून घ्या.

८. मोका पॉट, फिल्टर, फ्रेंच प्रेस

मोका पॉट १९३३ साली इटलीत आला आणि त्याचं पारंपरिक भांडं ॲल्युमिनियमचं. ‘साबण लावायचा नाही, आतला कॉफीचा थरच चव देतो’ असं अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. तो थर खवट तेलाचाच असतो. भांडं गरम पाण्याने धुवा, तेल जाणवलं तर साबणाचा थेंब आणि मऊ स्पंज पुरे. नुकसान डिशवॉशरने होतं : त्यातल्या तीव्र अल्कलीने ॲल्युमिनियम काळपट होतं. धुतल्यावर तिन्ही भाग सुटे वाळवा, ओलं असताना पिळून बंद करून ठेवू नका. खालच्या भांड्यात पांढरे ठिपके दिसले तर सौम्य सायट्रिक पाण्यावर एकदा बिनकॉफीचं चालवा, लगेच धुवा आणि पहिली कॉफी टाकून द्या.

मोकात जिवाशी संबंध असलेला भाग म्हणजे खालच्या भांड्यावरची सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी नेहमी तिच्या खालपर्यंतच भरा. महिन्यातून एकदा तिची मधली पिन दाबून ती हलते ना ते बघा. क्षारांनी घट्ट झाली असेल आणि सायट्रिक पाण्यात भिजवूनही हलत नसेल तर ते भांडं गॅसवर ठेवू नका. वरच्या भागातली रबरी रिंग कुकरच्या रिंगसारखीच कडक होते. बाजूने वाफ यायला लागली की बदला.

साउथ इंडियन फिल्टरमध्ये वरच्या डब्याची भोकं बुजतात. डबा उजेडासमोर धरा. डिकॉक्शन रात्रभर ठेवूनही उतरत नसेल तर आख्ख्या स्टीलचा डबा पालथा करून मंद गॅसवर एक-दोन मिनिटं चिमट्याने धरा. भोकांतला गाळ जळून भुगा होतो. गार झाल्यावर ठोकून झटका, मग सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुवा. दक्षिणेतल्या घरांतली ही जुनी रीत आहे. टाचणीने भोकं मोठी करू नका, मग पावडर खाली उतरते. पितळी फिल्टर असेल तर चिंच-मीठ फक्त बाहेरून. आतून कल्हई असेल तर ती घासू नका.

फ्रेंच प्रेसचा दांडा फिरवून काढा आणि जाळीचे थर सुटे करून धुवा. न उघडता नुसता पाण्याखाली धरला तर थरांमधला चोथा तसाच राहतो, आणि पुढच्या कॉफीला तोच वास येतो.

९. छोटं एस्प्रेसो मशीन

इथे तिसरा मळ येतो, दुधाचा. वाफेच्या नळीला दूध लागलं की काही सेकंदांत वाळून चिकटतं. दूध फेसाळलं की त्याच क्षणी ओल्या फडक्याने नळी पुसा आणि दोन सेकंद वाफ मोकळी सोडा, कारण गार होताना नळी थोडं दूध आत ओढते. तोंडाचं भोक बुजलं तर मशीन बंद आणि गार असताना टाचणी घाला.

हँडलमधली चाळणी रोज काढून धुवा. महिन्यातून एकदा वरची पाण्याची जाळी, स्क्रूने बसवलेली असेल तर, काढून बघा. तिच्या मागचा काळा थर पाहिला की कडवट चव कुठून येत होती ते कळतं. क्षार काढताना मिश्रण हँडलच्या वाटेने आणि वाफेच्या नळीतून, दोन्हीकडून जाऊ द्या.

बिनभोकाची चाळणी लावून उलट्या दाबाने धुण्याची पद्धत (बॅकफ्लश) सगळ्या मशीनना चालत नाही. कॉफी थांबवताच मशीन ‘फुस्स’ करून उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडत असेल तर त्यात तीनमार्गी व्हॉल्व्ह असतो, आणि तिथेच हे करायचं. स्वस्त मशीनमध्ये तो बहुधा नसतो. तिथे करायला गेलात तर दाब आत अडकतो आणि हँडल काढताना गरम पाणी अंगावर येऊ शकतं. मोठ्या बॉयलरचं महाग मशीन असेल तर क्षार काढायचं काम सर्व्हिसवाल्याकडे द्या. सुटलेल्या कपच्या आतल्या बारीक वाटांत अडकतात आणि मशीन उघडावं लागतं.

कॅप्सूलच्या मशीनचा स्वतःचा डिस्केल (म्हणजे क्षार काढण्याचा) प्रोग्रॅम असतो, तोच चालवा. पाण्याचे दोन-तीन कप रिकामे काढलेत की रोजची सफाई झाली.

१०. पावसाळा, झुरळं आणि गावाला जाणं

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मशीन झाकून ठेवू नका, कव्हर धुळीच्या दिवसांत घाला. उबदार, अंधारी आणि कॉफीचा वास असलेली जागा झुरळांना आवडते आणि ती मशीनच्या तळाच्या फटींतून आत शिरतात. मशीनवर स्प्रे मारू नका. ओट्याच्या कोपऱ्यात, मशीनपासून लांब जेल लावा आणि रात्री प्लग काढून मशीन कोरडं ठेवा.

गणपतीला किंवा मेमध्ये गावी जाणार असाल तर टाकी, ट्रे आणि टोपली रिकामी करून, पुसून, झाकणं उघडी ठेवून जा. परतल्यावर साध्या पाण्याची एक टाकी आधी जाऊ द्या.

११. सर्व्हिसला न्यायच्या आधी

मशीन चालूच होत नसेल तर आधी प्लगची जागा बघा. बरीच मशीन १००० ते १५०० वॅटची असतात. घरातला लहान ६ ॲम्पिअरचा सॉकेट २३० व्होल्टला साधारण १३८० वॅटपर्यंतच पुरतो. मिक्सर आणि मशीन एकाच एक्स्टेन्शनवर नको. १६ ॲम्पिअरचा, अर्थिंग नीट असलेला पॉइंट वापरा. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला लावा.

पाणी चढत नसेल पण प्लेट तापत असेल तर क्षार किंवा झडप, म्हणजे सहावी पायरी दोनदा. प्लेटही तापत नसेल तर फ्यूज किंवा थर्मोस्टॅट. ते घरी उघडू नका, वॉरंटीत असेल तर मुळीच नाही. सर्व्हिस सेंटरला फोन करताना मॉडेल नंबर, बिलाचा फोटो आणि शेवटची डिस्केलिंगची तारीख हाताशी ठेवा. क्षारांमुळे झालेला बिघाड अनेक वॉरंट्यांत बसत नाही, त्यामुळे तळाच्या पट्टीवरच्या तारखांचा फोटो इथे उपयोगी पडतो.

अमेरिकेतून कुणी मशीन आणून दिलं असेल तर ते १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर हीटर जळतो. पिनेचा साधा ॲडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. मशीनच्या वॅटपेक्षा जास्त क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हजार वॅटच्या मशीनसाठी तो चांगलाच जड आणि महाग पडतो. तरीही वापरायचं असेल तर त्या मशीनचं काचेचं भांडं, रबरी रिंग आणि कोळशाचे फिल्टर येणाऱ्याकडूनच जास्तीचे मागवून ठेवा. इथे त्या मापाचे मिळतीलच असं नाही.